बांगड्या काढून ठेव, मग अ‍ॅम्प उघड

अगं, आधी त्याचा प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, बोर्डातून पिन उपसून बाजूला ठेव. ठेवलीस? आता निवांत बस. सांगायचं बरंच आहे.

तुझा व्हिडिओ पाहिला. काकांचा गिटारचा अ‍ॅम्प, मागची जाळी काढलेली, आत ओळीनं व्हॉल्व्ह मिणमिणतायत आणि त्यातला एक भलताच लाल. वर तू लिहिलंयस, "ताई, किती सुंदर दिसतंय ना!" दिसतंय खरं, पण ती लाली आजाराची आहे गं. आतली नारिंगी वात दिसते ना, ती हीटरची, ती हवीच. तिच्याभोवती करड्या पत्र्याचं नळकांडं असतं, ती प्लेट. ती लाल झाली म्हणजे त्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट वाहतोय. तसाच चालू ठेवलास तर आधी व्हॉल्व्ह जाईल आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरला सोबत नेईल. व्हॉल्व्ह आजही विकत मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाकडून तरी पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि मूळचा आवाज परत येईलच असं नाही.

आता जबलपूरच्या सराफ्यात तुला सल्ल्यांची काय कमी! मामा म्हणेल, भंगारात घाल, माळा मोकळा होईल. गुरंदी बाजारातला दुकानदार डोकावून म्हणेल, "दीदी, इसमें ट्रांजिस्टर वाली किट डलवा लो, मस्त चलेगा." आणि कुणीतरी गोडबोल्या येऊन म्हणेल, नुसत्या नळ्या तेवढ्या द्या, चार पैसे देतो. सगळ्यात जास्त जपायचं ते त्या तिसऱ्यापासून. जुन्या चांगल्या व्हॉल्व्हना गिऱ्हाईक असतं हे त्याला माहीत असतं, तुला नसतं. आणि "ही मुलगी काय दुरुस्त करणार" असं कुणी म्हणालंच, तर सांग की १९४७ साली निघालेल्या आपल्या गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजाचं नाव देशात टेलिकम्युनिकेशन सर्वांत आधी शिकवणारं म्हणून घेतात. जबलपूरला व्हॉल्व्ह काही परके नाहीत.

तुला मी एकच सांगणार आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात आलं. काही बदलायच्या आधी मोज. तुमच्या खालचा सोनार दागिना थेट मुशीत टाकतो का? आधी कसोटीवर घासून कस बघतो. लोक मात्र अ‍ॅम्प बिघडला की पहिल्यांदा नवे व्हॉल्व्ह मागवतात, कारण डोळ्यांना तेच दिसतात. खरा दोष बहुतेक वेळा खाली, पत्र्याच्या पोटात, चार-आठ रुपयांच्या कंडेन्सरात असतो.

आणि हो, सोन्यावरून आठवलं. बांगड्या, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं उतरवून कपाटात ठेव. सोन्यातून वीज झकास वाहते, आणि आत तीनशे-साडेतीनशे व्होल्ट डीसी असतात. घरातल्या बोर्डाच्या झटक्याशी त्याची तुलना करू नकोस. शिवाय प्लग काढल्यावरही ती वीज मोठ्या फिल्टर कंडेन्सरांत दबा धरून बसते, कधी काही मिनिटं, कधी त्याहून बरीच जास्त. म्हणून चेसिस, म्हणजे आतली पत्र्याची चौकट, उलटी केल्यावर पहिलं काम म्हणजे कंडेन्सर रिकामे करायचे. १० किलोओमचा, १० वॅटचा रेझिस्टन्स घे. त्याच्या एका टोकाला क्लिपची वायर जोडून ती चेसिसला लाव. दुसरं टोक प्लास्टिकच्या मुठीच्या प्रोबला जोडून कंडेन्सरच्या पॉझिटिव्हवर टेकव आणि सावकाश दहा अंक मोज. मग मीटर लाव. पाच व्होल्टांच्या खाली आलं की हात घाल, आधी नाही. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी काढणारे बहाद्दर तुला पुष्कळ भेटतील. त्यांचं बघून शिकू नकोस.

चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप चेसिसला कायमची अडकवून टाक. लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे. पायात रबरी चप्पल. आणि घरात कुणीतरी असू दे, दुपारी सगळे झोपलेले असताना हा उद्योग नको.

काकांचा हा अ‍ॅम्प कंपनीचा नाही, हे तुला कळलंच असेल. काकांच्या काळी असे खूप बनवून घेतले जायचे. हवाईयन गिटारची तेव्हा भारी हवा होती. गिटारवादक व्हॅन शिपलेंच्या रेकॉर्डी घरोघरी वाजायच्या, तशी फिल्मी गाणी वाजवणारे हौशी लोक ऑर्केस्ट्रात असायचे, आणि परदेशी अ‍ॅम्प परवडायचा कुणाला? मग कुठलातरी रेडिओ मेकॅनिक भजनी मंडळाच्या लाउडस्पीकरचं सर्किट घेऊन, दोन बटणं जास्त लावून गिटारसाठी एक पेटी करून द्यायचा. तू पाठवलेल्या फोटोत व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचता येतात. दोन ईसीसी ८३, दोन ईएल ८४, एक ईझेड ८१. म्हणजे आवाज वाढवायला पुढचे दोन, ताकद द्यायला मागची जोडी, आणि एसीचं डीसी करायला शेवटचा. या ठेवणीतून साधारण पंधरा वॅट मिळतात. कमी वाटतात? सराफ्यातल्या त्या खोलीत पूर्ण उघडून बघ, समोरच्या गच्चीवरून आरडाओरडा येईल.

त्या अक्षरांकडे जरा लक्ष दे, कारण त्यात जीव वाचवणारी एक गोष्ट आहे. ई म्हणजे हीटरला ६.३ व्होल्ट. हे मेन ट्रान्सफॉर्मरवर चालतात, म्हणजे पत्र्याची चेसिस भिंतीतल्या विजेपासून वेगळी असते. पण त्याच माळ्यावर आजोबांचा रेडिओ आहे ना? त्याचे व्हॉल्व्ह बघ. नावं यू अक्षरानं सुरू होत असतील, यूसीएल, यूवाय असं काही, तर तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस सरळ मेनला जोडलेली असते. पिन उलटी लागली की अख्खा पत्रा २३० व्होल्टांवर. लोक त्याच्या मागच्या ग्रामोफोनच्या भोकात गिटार लावतात आणि तारांना हात लावतात. तू असलं काही करायचं नाहीस. कधीच नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही.

आता काकांच्या पेटीकडे वळू. वायर दोन पिनांची आहे, वरचं कापडी वेष्टण उंदरांनी कुरतडलेलं. ती काढून टाक. तीन तारांची नवी वायर घाल, हिरवी तार चेसिसला स्वतंत्र स्क्रूनं, रंग खरवडून, घट्ट. मेनच्या तारेपासून चेसिसपर्यंत एखादा छोटा कंडेन्सर जोडलेला दिसला तर तो कापून टाक. जुन्या सेटांत हम, म्हणजे विजेची घूंघूं, कमी करायला तो लावत, आणि तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांत मेन येतो. तुमच्या वाड्यातल्या बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नकोस, इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे. आणि फ्यूज बघ. मला फोटोत चमकताना दिसलं म्हणून झूम करून पाहिलं, तर काचेच्या फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! ऐन कार्यक्रमात फ्यूज उडाला असणार आणि कुणीतरी वेळ मारून नेली असणार. ती काढून १ अँपिअरचा स्लो फ्यूज घाल.

मग सिरीज बोर्ड करून घे. कुठलाही जुना मोटरवाला दहा मिनिटांत करून देईल. १०० वॅटचा दिवा, पण साधा, तारेचा. एलईडी चालणार नाही. अ‍ॅम्पला जाणारी वीज त्या दिव्यातून जाईल. पहिल्यांदा सगळे व्हॉल्व्ह काढून चालू कर. दिवा क्षणभर लुकलुकून विझला तर मेन ट्रान्सफॉर्मर शाबूत. भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, थांब आणि मला फोन कर. तुझा अ‍ॅम्प आवाज करतोय, त्या अर्थी ट्रान्सफॉर्मर ठीक असणार, पण बघून घ्यायला काय जातंय.

व्हॉल्व्ह काढलेच आहेत तर सॉकेट साफ कर. आत काय काय निघेल सांगू? झुरळांची अंडी, कोळिष्टकं, आणि पावसाळ्यांनी काळे पडलेले टाके. ब्रशनं झाड, सॉकेटच्या नऊ भोकांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून व्हॉल्व्ह दोन-चारदा आत-बाहेर कर. व्हॉल्व्ह सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. काचेवरची अक्षरं मात्र पुसू नकोस, बोटानंही नाही. ती पुसली की कुठला व्हॉल्व्ह ते कायमचं गेलं.

आता ती लाली. जोडीतला एकच लाल होतोय, हा मोठा पुरावा आहे. दोघांनाही वीज तीच, कॅथोडचा रेझिस्टन्सही एकच. मग एकालाच ताप का? दोनच शक्यता उरतात. एक तर तो व्हॉल्व्ह खराब आहे, नाहीतर त्याच्या ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज येतोय. ग्रिडवर आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त आवाजाची लहर यायला हवी. डीसी अडवायला मध्ये एक कंडेन्सर असतो, पॉइंट झिरो टू टू नाहीतर पॉइंट झिरो फोर सेव्हन मायक्रोफॅरडचा. तुझ्या अ‍ॅम्पमध्ये ते मेण चढवलेले कागदी आहेत. कागदात ओल शिरते, कंडेन्सर झिरपायला लागतो आणि ग्रिड पॉझिटिव्ह होते. मग व्हॉल्व्हला आवर घालायला कुणी उरत नाही.

मोजायचं असं. अ‍ॅम्प सिरीज बोर्डावर, स्पीकर जोडलेला, लाल होणारा व्हॉल्व्ह काढलेला. चेसिस उलटी असताना सॉकेटच्या मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेनं पिना मोज. दुसरी पिन म्हणजे ग्रिड. तिथे मीटर डीसीवर लाव. शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट आला तरी संशय घे, आणि दोन-तीन व्होल्ट आले तर कंडेन्सर झिरपतोय, दुसरं काही नाही. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये नसताना शून्य आहे आणि लावल्यावर चढतंय, तर मात्र दोष व्हॉल्व्हचा. माझं मत विचारशील तर कंडेन्सरच निघेल. आणि एक झिरपतोय म्हणजे त्याच वयाचे बाकीचे भाऊही रांगेत उभेच आहेत. ते सगळे मेणाचे बदलून टाक. ६३० व्होल्टांचे पॉलिस्टर घे. जुन्या कागदी कंडेन्सरांत जादूचा आवाज असतो असं ऐकवणारे लोक आहेत. असू देत बिचारे. झिरपणाऱ्या कंडेन्सरात असतो तो फक्त बिघाड.

आता हम. तू म्हणालीस "घूं" असा आवाज आहे, व्हॉल्यूम शून्यावर केला तरी जात नाही. छान सांगितलंस, अर्धं निदान तिथेच झालं. व्हॉल्यूमनं जात नाही म्हणजे हम त्या बटणाच्या पुढून कुठूनतरी येतोय, बहुतेक पॉवर सप्लायमधून. आता गिटार ट्यूनरवर नीट लावून घे, अ‍ॅम्पला जोडू नकोस, नुसती कानाशी धर. सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट वाजव. तो ९८ हर्ट्‌झ. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला, किंचित चढा वाटला, तर तो १०० हर्ट्‌झ. आपली वीज ५० हर्ट्‌झची, रेक्टिफायरमधून ती दुप्पट होऊन निघते आणि ते चढउतार गिळायचं काम फिल्टर कंडेन्सरांचं. म्हणजे ते वाळलेत. हम त्याच्या एक सप्तक खाली, खर्जात असेल तर तो ५०, आणि मग हीटरच्या तारा, अर्थिंग, नाहीतर ईसीसी ८३ कडे बघायचं. मोबाइलचा ट्यूनर दोन्हीला "जी"च म्हणेल, त्याच्यावर विसंबू नकोस. तुझा कान चांगला आहे, तो वापर.

फिल्टर कंडेन्सर तर असेही बदलायचेच आहेत. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर धड असण्याची आशा धरू नये. मूळचा ॲल्युमिनियमचा डबा ३२ अधिक ३२ चा आहे. त्याच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टांचे दोन घे. "मोठा लावला की हम आणखी जाईल" म्हणून कुणी १०० किंवा २२० चा हातात देईल, तो घेऊ नकोस. ईझेड ८१ ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० ची आहे, त्याहून मोठा लावलास तर चालू करताना रेक्टिफायरवर ताण येतो. डबा मात्र वर तसाच राहू दे, आतून तारा सोड आणि नवे कंडेन्सर खाली बसव. काकूंना पेटी जशीच्या तशी दिसेल.

हे सामान जयंती कॉम्प्लेक्समधल्या मोबाइलच्या दुकानांत शोधत हिंडू नकोस. टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याला विचार, त्याच्याकडे ४५० व्होल्टांचे असतात. फक्त भंगारातून काढलेले घेऊ नकोस. नाही मिळाले तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागव. व्हॉल्व्ह आत्ता मागवूच नकोस. नवे ईएल ८४ रशिया, स्लोव्हाकिया, चीनमधून येतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने, डब्यातले, न वापरलेले कधी गुरंदीत हाती लागतात. बीईएल असं लिहिलेलं दिसलं तर मला फोटो पाठव आणि चेहरा अगदी मख्ख ठेव. डोळे चमकले की भाव दुप्पट झाला म्हणून समज.

कंडेन्सर बदलून झाले की लाल प्लेट बघत बसू नकोस, आकडा काढ. सिरीज बोर्ड बाजूला करून, थेट मेनवर, ईएल ८४ च्या तिसऱ्या पिनेवरचा, म्हणजे कॅथोडवरचा, व्होल्टेज मोज. समज, तिथला रेझिस्टन्स १३० ओमचा आहे आणि १० व्होल्ट आले. भागाकार केलास की ७७ मिलिअँपिअर, दोघांत वाटले तर प्रत्येकी अडतीसच्या वर. प्लेट ते कॅथोड ३०० व्होल्ट असतील तर गुणाकार साडेअकरा वॅट. ईएल ८४ ची मर्यादा १२. म्हणजे काठावर, पण चालेल. मेकॅनिकचा तो रेझिस्टन्सही वयानं बदललेला असू शकतो, म्हणून त्यावर छापलेलं वाचून हिशेब करू नकोस. अ‍ॅम्प बंद असताना, कंडेन्सर रिकामे करून, तो मीटरनं मोज.

एवढ्यानंतर आवाजात चरचर राहिलीच तर बांबूची सुकी काडी घे आणि एकेका भागावर हलकेच टिचकी मार. जिथे टिचकी मारल्यावर स्पीकरमधून तडतड येईल तिथला टाका ड्राय आहे. बंद कर, रिकामं कर, टाका नव्यानं मार. काहीच न हलता शांतपणे सूऽऽ असा आवाज येत असेल, मधूनच तडतडत असेल, तर ईसीसी ८३ च्या प्लेटचे एक लाख ओमचे कार्बन रेझिस्टन्स बघ. ते म्हातारे झाले की बडबडतात. आणि ईसीसी ८३ वर टिचकी मारल्यावर घंटेसारखा टण् घुमला तर तो मायक्रोफोनिक झालाय, दुसऱ्या सॉकेटमध्ये टाकून बघ. मागच्या जागी तो गप्प बसतो, अशी वागणूक घराघरांत बघितली आहे.

एवढं करूनही गिटार लावल्यावर भुणभुण आली तर लगेच अ‍ॅम्पला नावं ठेवू नकोस. गिटार हातात धरून जागच्या जागी वळ. आवाज कमी-जास्त झाला तर तो गिटारच्या पिकअपमधून येतोय. तुमच्या खाली दिवसभर पॉलिशच्या मोटरी फिरतात, शोरूममध्ये शेकड्यांनी एलईडी, वर ट्यूबलाइटचे चोक. तो सगळा सराफा तुझ्या पिकअपमध्ये शिरतो. रात्री दुकानं बंद झाल्यावर वाजवून बघ, फरक आपोआप कळेल.

स्पीकरचं राहिलंच. तो जोडल्याशिवाय अ‍ॅम्प एक क्षणही चालवायचा नाही. स्पीकर नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतो आणि आतल्या आत ठिणगी पडते. आठ ओमचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहा दाखवतो, ते बरोबर आहे, घाबरू नकोस. कोन एका ठिकाणी फाटलाय म्हणालीस. पातळ कागदाचा तुकडा आणि थोडा रबरी गोंद लाव. फेव्हिक्विक नको, तो कडक होतो आणि कोन शेजारीच चिरतो.

आणि एक, तुला म्हणून सांगते. काकूंना इतक्यात काही बोलू नकोस. त्या विचारतील, "वाजतं का गं?" आणि तू "जवळजवळ" म्हणशील, मग त्या रोज जिना चढून येतील. त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही. आधी दुसऱ्या पिनेवरचा आकडा मला कळव. तो कळेपर्यंत कुठलीही ऑर्डर देऊ नकोस.